गेम घेण्याआधी आपली सवय ओळखा: नव्या खेळाडूसाठी खरेदीचं मार्गदर्शन

नवा गेमिंग पीसी किंवा पीएस५ घरी आला की पहिल्या दोन-तीन महिन्यांत खर्चाला धरबंध राहत नाही, आणि त्यातला बराचसा खर्च सहज टाळता आला असता. रोज रात्री मित्रांबरोबर एकच गेम खेळणारा माणूस सेलमध्ये चार मोठे कथाप्रधान गेम घेऊन ठेवतो. वर्षाला तीन गेम संपवणारा बारा महिन्यांचं सबस्क्रिप्शन भरतो. डिस्क विकून पैसे मोकळे करू शकणारा सगळं डिजिटल घेतो. गेम चांगलेच असतात, पण घेण्याची पद्धत त्या माणसाच्या खेळण्याला जुळत नाही. म्हणून इथे आधी सवय आणि मग दुकान, असा क्रम ठेवला आहे. किमती सतत बदलतात, त्यामुळे आकड्यांपेक्षा नियमांवर भर दिला आहे.

१. खरेदीआधी हे हाताशी ठेवा

- फक्त गेमसाठी वापरायचा एक ईमेल पत्ता आणि त्याचा वेगळा पासवर्ड. आपली सगळी खरेदी या पत्त्याशी बांधलेली राहणार आहे. ऑफिसचा किंवा कॉलेजचा पत्ता देऊ नका, तो कधीतरी बंद होतो.
- दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डबरोबर दुसरा कोडही विचारणारी सोय. स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, याला स्टीम गार्ड म्हणतात. रिकव्हरी कोड कागदावर लिहून ठेवा.
- यूपीआय किंवा कार्ड. स्टीमवर रुपयांत किंमत दिसते आणि यूपीआय, नेटबँकिंग चालतं. काही दुकानांचं बिल रुपयांत असलं तरी पैसे परदेशी कंपनीकडे जातात. तिथे कार्ड नाकारलं गेलं तर बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का ते आधी बघा.
- पीसी असेल तर ग्राफिक्स कार्डचं नाव, रॅम आणि एसएसडीवरची मोकळी जागा लिहून ठेवा. बाल्डर्स गेट ३ किंवा रेड डेड रिडेम्प्शन २ साठी प्रत्येकी १५० जीबी जागा लागते. पीएस५च्या पहिल्या मॉडेलमध्ये ८२५ जीबीपैकी सुमारे ६६७ जीबीच आपल्या वाट्याला येते.
- इंटरनेटचा वेग. १०० एमबीपीएसवर १०० जीबी उतरवायला सव्वादोन तास लागतात, ४० एमबीपीएसवर साडेपाच तास. मोबाईलच्या रोजच्या २ जीबी डेटावर पन्नास दिवस लागतील. घरी वायफाय नसेल तर मोठ्या डिजिटल गेमच्या वाटेला जाऊ नका.

२. आपण कुठे बसतो ते ठरवा

आठवड्याला खरोखर किती तास मिळतात ते प्रामाणिकपणे मोजा. समजा पाच तास. वर्षाचे झाले २६०. द विचर ३ ची मुख्य कथा पन्नास तासांच्या आसपास जाते आणि बाजूच्या मोहिमा धरल्या तर दुप्पट. म्हणजे असे मोठे गेम वर्षाला तीन ते पाच, एवढीच आपली भूक. हा आकडा एकदा समोर आला की सेलमधली निम्मी खरेदी आपोआप गळते.

आता प्रकार बघा. बहुतेक लोक दोन प्रकारांत थोडे-थोडे बसतात, तरी एक प्रकार वरचढ असतोच.

एकाच गेमचे नियमित खेळाडू. काउंटर-स्ट्राइक २, व्हॅलोरंट, डोटा २, रॉकेट लीग. हे चारही गेम फुकट आहेत. इथे खर्च स्किन (पात्रांची, शस्त्रांची सजावट) आणि बक्षिसं उघडणाऱ्या पासवर होतो, गेमवर नाही. या खेळाडूने पैसे घालायचेच असतील तर चांगला माउस, हेडफोन आणि तारेचं इंटरनेट यांत घालावेत.

गोष्ट संपवणारे. एक गेम हातात घेतला की शेवटपर्यंत नेतात आणि पुन्हा त्याकडे वळत नाहीत. यांच्यासाठी कन्सोलवर डिस्क, नाहीतर पीसीवर सेल.

थांबून घेणारे. गेम आल्यावर वर्ष-दोन वर्षं वाट बघतात. विचर ३ मे २०१५ मध्ये आला आणि दोन्ही मोठे विस्तार एकत्र असलेली आवृत्ती २०१६ मध्ये निघाली. जे थांबले त्यांना कमी पैशांत जास्त गेम मिळाला, तोही दुरुस्त्या होऊन. माझ्या मते नव्या माणसासाठी ही सर्वांत शहाणपणाची सवय आहे, कारण त्याच्यासाठी दहा वर्षांपूर्वीचा गेमही नवाच असतो.

चाखून बघणारे. दोन तास हे, तीन तास ते. यांनी गेम विकत घेण्यापेक्षा सबस्क्रिप्शन घ्यावं.

साठा करणारे. स्वस्त दिसलं की घेतात. यांनी स्टीमच्या लायब्ररीत अजून न खेळलेल्या गेमची गाळणी लावून यादी बघावी आणि त्यातला एक संपल्याशिवाय नवा घेऊ नये. एपिक गेम्स स्टोअर दर गुरुवारी गेम फुकट देतं, ते खुशाल घ्या. त्यात पैसे अडकत नाहीत.

दरवर्षी तोच खेळ घेणारे. फुटबॉल, बास्केटबॉल. ईए स्पोर्ट्स एफसीचा नवा भाग सप्टेंबरच्या शेवटी येतो आणि नोव्हेंबरच्या सेलमध्ये त्यावर चांगली सूट लागते. अल्टिमेट टीम (खेळाडूंची कार्डं जमवून संघ बांधायचा ऑनलाइन प्रकार) खेळत नसाल तर पहिल्या आठवड्यात पूर्ण किंमत मोजायचं काहीच कारण नाही.

३. पीसीवर घेण्याची पद्धत

१. गेम आवडला की विशलिस्टमध्ये टाका, लगेच घेऊ नका. सूट लागली की स्टीम ईमेल पाठवतं.

२. स्टीमडीबी या संकेतस्थळावर गेमचं नाव टाकून रुपयांतला आजवरचा सर्वांत कमी भाव बघा. ‘७०% सूट’ ही पाटी मोठी दिसते, पण तोच गेम मागच्या तीन सेलमध्ये ८०% सवलतीत होता असंही निघतं.

३. सेलचे दिवस लक्षात ठेवा. उन्हाळी सेल जूनच्या अखेरीस आणि हिवाळी सेल डिसेंबरच्या उत्तरार्धात, हे दोन सर्वांत मोठे. वसंत आणि शरद ऋतूंतले सेल वेगळे. पूर्वी काही तासांपुरत्या सवलती असायच्या, म्हणून लोक घड्याळ लावून बसत. २०१५ मध्ये परताव्याचा नियम आला आणि त्याच वर्षअखेर ही पद्धत संपली. आता पहिल्या दिवशीचा भाव साधारणपणे शेवटच्या दिवशीही तोच असतो, त्यामुळे घाई नको.

४. आवृत्ती नीट वाचा. स्टँडर्ड, डिलक्स, अल्टिमेट अशा तीन पाट्या असतात. डिलक्समध्ये बहुतेकदा कपडे, संगीत आणि चित्रांचं पुस्तक असतं. कथेचा विस्तार त्यात आहे का, एवढंच तपासा. नसेल तर स्टँडर्ड घ्या.

५. परताव्याचा नियम पाठ करा: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांपेक्षा कमी. एपिकचा नियमही जवळपास असाच आहे. जीओजी या दुकानात ३० दिवसांची मुदत असते आणि तिथले गेम कॉपी-संरक्षणाशिवाय येतात, म्हणजे इन्स्टॉलर आपल्याकडे उतरवून ठेवता येतो.

हे दोन तास वाया घालवू नका. घड्याळ गेम चालू असेपर्यंत धावतं, नुसतं खेळत असतानाच नव्हे. काही गेम पहिल्यांदा उघडल्यावर पंधरा-वीस मिनिटं शेडर (चित्र रंगवण्याच्या सूचना) तयार करत बसतात, तीही मोजली जातात. गेम मेनूवर सोडून जेवायला गेलात तरी मीटर चालूच. म्हणून पहिली दीड तासांची बैठक अशी घ्या: पहिली दहा मिनिटं ग्राफिक्स मध्यम ठेवून फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात ते, बघा. ३० च्या खाली अडखळत असेल तर आणखी दोन सेटिंग उतरवून बघा, तरी जमलं नाही तर लगेच परत करा. पुढची वीस मिनिटं कंट्रोलर, आवाज आणि सबटायटल. मग सुरुवातीचे शिकवणीचे प्रसंग पार करून पहिल्या खऱ्या लढाईपर्यंत किंवा पहिल्या मोकळ्या भागापर्यंत जा. लायब्ररीत ९० मिनिटं दिसली की थांबून निर्णय घ्या. पैसे मूळ मार्गाने किंवा स्टीमच्या पाकिटात परत येतात. मात्र सुविधेचा गैरवापर दिसला तर स्टीम ती बंद करू शकतं, म्हणून चाखण्यासाठीच ती वापरत राहू नका.

विस्तार, म्हणजे डीएलसी, परत करायचा असेल तर तो घेतल्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असावा लागतो. बंडल परत करताना त्यातल्या सगळ्या गेमचा मिळून वेळ धरला जातो.

सापळा: बाहेरच्या स्वस्त ‘की’, म्हणजे खात्यात टाकून गेम उघडायचे कोड. दुकानाच्या अधिकृत भावाच्या तिसऱ्या हिश्शात की देणाऱ्या वैयक्तिक विक्रेत्यांच्या बाजारपेठा आहेत. की कुठून आली हे कळत नाही. चोरलेल्या कार्डवर घेतलेली असेल तर प्रकाशक ती रद्द करतो आणि गेम लायब्ररीतून जातो. दुसऱ्या प्रदेशासाठीची की भारतात चालू होत नाही, तेही पैसे दिल्यावर कळतं. व्हीपीएन लावून, म्हणजे आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवून, तिथल्या भावात घेणं स्टीमच्या नियमांविरुद्ध आहे आणि त्यात पूर्ण खातं धोक्यात येतं.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला. आकाराने छोटा, थोड्या तासांत संपणारा. पहिली खरेदी अशा छोट्या गेमची करावी असं मी सुचवेन. विशलिस्ट, पैसे भरणं, डाउनलोड, सेटिंग, सगळं कमी पैशांत शिकून होतं.

४. प्री-ऑर्डर आणि सर्व्हरवर चालणारे गेम

डिजिटल गेमचा साठा संपत नाही, मग आगाऊ पैसे कशाला? सायबरपंक २०७७ हा १० डिसेंबर २०२० ला आला आणि जुन्या कन्सोलवर इतका मोडका होता की आठ दिवसांत सोनीने तो दुकानातून काढला. तो परत आला जून २०२१ मध्ये. आज तोच गेम उत्तम स्थितीत आणि सवलतीत मिळतो.

फक्त ऑनलाइन चालणारा गेम घेताना आणखी जपा. युबिसॉफ्टने २०१४ चा द क्रू ३१ मार्च २०२४ ला बंद केला आणि पैसे दिलेल्यांनाही तो उघडेना. सोनीचा कॉन्कॉर्ड २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला सर्व्हर बंद झाले. तिथे निदान पैसे परत मिळाले. डिजिटल खरेदीत आपण वापरण्याचा परवाना घेतो, ही गोष्ट ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम पैसे भरतानाच लिहून दाखवतं. म्हणून ऑनलाइन गेमसाठी नियम सोपा ठेवा: निदान महिनाभर थांबा, सध्या किती लोक खेळतात ते स्टीमडीबीवर बघा आणि भारतातला किंवा निदान सिंगापूरचा सर्व्हर आहे का ते विचारा. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याचा वेळ, २०० मिलिसेकंद झाला तर कितीही महाग ग्राफिक्स कार्ड त्याला सुधारू शकत नाही.

५. कन्सोल: डिस्क की डिजिटल

हा निर्णय कन्सोल घेतानाच होतो. एक्सबॉक्स सीरिज एसला डिस्क ड्राइव्ह नाही. पीएस५ डिजिटल एडिशनलाही नाही. २०२३ च्या स्लिम डिजिटल मॉडेलला ड्राइव्ह नंतर वेगळा जोडता येतो, पण त्याचे पैसे वेगळे.

गोष्ट संपवून पुढे जाणाऱ्याने डिस्कच घ्यावी. समजा नवी डिस्क ४,९९९ रुपयांना घेतली आणि महिन्याभरात ३,५०० ला विकली, तर गेम पडला दीड हजाराला. सहा महिने कपाटात ठेवली तर तोवर दुकानातच सूट लागलेली असते आणि भाव कोसळतो. म्हणून संपवा आणि लगेच काढा. याउलट एकच गेम वर्षभर खेळणाऱ्याला रोज डिस्क घालण्याचा त्रासच होतो, त्याने डिजिटल घ्यावा.

प्लेस्टेशन स्टोअरचा परतावा स्टीमसारखा नाही. १४ दिवस मिळतात, पण डाउनलोड सुरू केलंत की हक्क संपला. खेळून बघून परत, हा प्रकार तिथे नाही. त्यामुळे घेण्याआधी डेमो शोधा आणि अर्ध्या तासाचा न कापलेला खेळ यूट्यूबवर बघा.

वापरलेली डिस्क घेताना, मग ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातून असो की ऑनलाइन जाहिरातीतून, हा क्रम पाळा:

- डिस्क उलटी करून मोबाईलच्या टॉर्चखाली तिरकी धरा. केंद्राकडून कडेकडे जाणारे बारीक ओरखडे बहुतेकदा चालून जातात. कडेला समांतर, गोल फिरलेला खोल ओरखडा दिसला तर सोडून द्या.
- मधल्या छिद्राभोवती केसाएवढी चीर आहे का ते बघा. असेल तर फुकटही नको.
- शक्य असेल तर कन्सोलमध्ये घालून इन्स्टॉल सुरू होऊ द्या. नुसतं चित्र दिसणं पुरेसं नाही.
- डब्यातला कोड वापरलेला आहे असंच धरून चाला. डीएलसीचा भाव विक्रेत्याला देऊ नका.
- डिस्क कोणत्या प्रदेशाची आहे ते विचारा. प्लेस्टेशनवर परदेशातली डिस्क चालते, पण त्याची डीएलसी त्याच प्रदेशाच्या खात्यावरून घ्यावी लागते. दुबईहून किंवा अमेरिकेहून आलेल्या डिस्कवर भारतीय खात्यातला विस्तार लागेलच असं नाही.
- डब्यात डिस्क आहे की नुसता कोड, हे उघडून बघा. काही डिस्कवरही गेम जवळजवळ नसतोच: कॉल ऑफ ड्यूटीचा २०२२ चा मॉडर्न वॉरफेअर २ पीएस५च्या डिस्कवर १०० एमबीपेक्षाही कमी होता, बाकी सगळं डाउनलोड.

पीसीच्या जुन्या डिस्क मात्र विकत घेऊ नका. त्यांची की आधीच कुणाच्या तरी खात्यात गेलेली असते.

६. सबस्क्रिप्शन

वर्गणी भरून यादीतले गेम खेळू देणाऱ्या एक्सबॉक्स गेम पास आणि पीएस प्लस या सेवा चाखून बघणाऱ्यांच्या. आधी एकच महिना घ्या आणि यादीतले किती गेम खरोखर उघडले ते मोजा. दोनपेक्षा कमी असतील तर पुढचा महिना नको. पीएस प्लसचे भारतात इसेन्शियल, एक्स्ट्रा आणि डिलक्स असे तीन स्तर आहेत. विकत घेतलेले गेम ऑनलाइन खेळायला इसेन्शियल पुरतं, आणि फोर्टनाइटसारख्या फुकट गेमसाठी तेही लागत नाही.

पैसे भरल्या-भरल्या आपोआप नूतनीकरण बंद करा. मुदत संपेपर्यंत सेवा चालूच राहते. आवर्ती वसुलीच्या २४ तास आधी बँकेकडून सूचना यायला हवी, आणि यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन मंजुरी रद्दही करता येते. यादीतले गेम अधूनमधून निघून जातात, म्हणून तिथल्या गेमचे विस्तार विकत घेऊ नका. मूळ गेम गेला की विस्तार नुसता पडून राहतो.

७. मित्रांबरोबर खेळायचं असेल तर

मित्र कोणत्या यंत्रावर आहेत आणि गेममध्ये क्रॉसप्ले (वेगवेगळ्या यंत्रांवरून एकत्र खेळायची सोय) आहे का, हे आधी विचारा. इट टेक्स टू आणि स्प्लिट फिक्शनमध्ये फ्रेंड्स पास आहे. एकाने विकत घेतला की दुसरा फुकट सामील होतो. चारजण मिळून गेम घेताय तर चौघांनी स्टीमवर एकाच संध्याकाळी घेऊन एकत्र दीड तास बघा, म्हणजे परत करायचा तर सगळ्यांनाच करता येतो.

घरात दोघं-तिघं खेळणारे असतील तर स्टीम फॅमिलीज सुरू करा. सहा जणांपर्यंत लायब्ररी वाटून घेता येते. मात्र एकच प्रत एका वेळी दोघांना खेळता येत नाही. कुटुंब सोडणाऱ्या प्रौढाला, आधीच्या कुटुंबात सामील झाल्यापासून वर्ष होईपर्यंत दुसऱ्या कुटुंबात जाता येत नाही, त्यामुळे कॉलेजच्या ग्रुपला ‘कुटुंब’ करून बसू नका. ती सोय एका घरासाठी आहे.

८. मोबाईलवर

फुकट गेममध्ये खर्च तुकड्यांनी होतो, म्हणून तो कळत नाही. गेममधलं चलन यूसी असो की डायमंड, पॅकची रचना अशी असते की हवी ती वस्तू घेतल्यावर थोडं चलन उरतंच आणि ते वापरायला पुन्हा पॅक घ्यावासा वाटतो. वस्तूची किंमत रुपयांत काढून बघा, मगच घ्या.

सीझन पास सुरुवातीला घेऊ नका. बहुतेक गेममध्ये तुम्ही गाठलेल्या पातळीपर्यंतची सगळी बक्षिसं पास घेताक्षणी उघडतात. सीझन संपायला आठवडा उरला असताना पातळी बघा: पुरेशी असेल तर घ्या, नसेल तर पैसे वाचले.

पेटीत काय निघेल ते ठाऊक नसलेल्या खरेदीत शक्यतेचा तक्ता उघडून वाचा. प्ले स्टोअर आणि ॲप स्टोअर दोन्हींच्या नियमांनुसार तो दाखवावा लागतो. १% शक्यता म्हणजे शंभर पेट्यांत एक नक्की, असं नाही. शंभर उघडूनही ती वस्तू न मिळण्याची शक्यता सुमारे ३७% उरते.

आणि दुसऱ्याचा तयार आयडी कधीही विकत घेऊ नका. मूळ मालक ईमेलवरून तो परत घेऊ शकतो, आणि तुमची तक्रार कुणी ऐकणार नाही कारण असा व्यवहार नियमातच बसत नाही. ‘लॉगिन द्या, स्वस्तात टॉप-अप करतो’ म्हणणाऱ्यांचंही तेच. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया) हा गेम जुलै २०२२ मध्ये स्टोअरमधून गेला तो मे २०२३ मध्ये परतला. एवढे महिने गेम असा अधांतरी राहू शकतो, तेव्हा जेवढे बुडाले तरी चालतील तेवढेच पैसे घाला.

९. मुलांसाठी घेताना

डब्यावरचा आकडा वयाचा असतो, अवघडपणाचा नाही. पेगी ही युरोपातली वयाची श्रेणी, आणि पेगी १८ म्हणजे प्रौढांसाठी. जीटीए ५ त्यातच येतो, वर्गातले सगळे खेळत असले तरी. प्ले स्टोअरमध्ये ‘प्रत्येक खरेदीला पडताळणी’ हा पर्याय लावा आणि बोटाचा ठसा मुलाचा नव्हे, तुमचा ठेवा. स्टीम फॅमिलीजमध्ये मुलाचं खातं जोडलं तर ते तुमच्याकडे खरेदीची विनंती पाठवतं आणि पैसे तुम्ही भरता. कार्ड मुलाच्या खात्यात साठवूच नका.

१०. परदेशातल्या नातेवाइकांकडून भेट

अमेरिकेतल्या मावशीने थेट स्टीमवरचा गेम भेट द्यायचं ठरवलं तर दोन देशांतल्या भावातल्या फरकामुळे तो बऱ्याचदा जातच नाही. त्याऐवजी स्टीमचं डिजिटल गिफ्ट कार्ड मागा: दोघं स्टीमवर किमान तीन दिवस मित्र असले की पैसे रुपयांत बदलून पाकिटात येतात. प्लेस्टेशनचं अमेरिकी कार्ड मात्र भारतीय खात्यावर चालत नाही आणि खात्याचा देश नंतर बदलताही येत नाही.

११. पैसे कापले गेले आणि गेम आला नाही तर

दुसऱ्यांदा पैसे भरू नका. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, वेळ आणि दुकानाच्या ‘खरेदीचा इतिहास’ पानाचा स्क्रीनशॉट घ्या. व्यवहार प्रलंबित दिसत असेल तर थोडा वेळ द्या, मग दुकानाच्या मदत विभागात त्याच ऑर्डरवरून तक्रार नोंदवा. बँकेकडे थेट चार्जबॅक (व्यवहार उलटवून पैसे परत) मागणं हा अगदी शेवटचा उपाय ठेवा: स्टीम आणि प्लेस्टेशन अशा वेळी खात्यावर बंधनं घालू शकतात, आणि एका गेमच्या भांडणात आधी घेतलेले गेमही अडकू शकतात.